बिछायतवाल्यांची बॅग

पहिल्यांदा विमानात बसले तेव्हा मी पन्नाशी ओलांडलेली पोर होते. त्या वयात सगळ्यांना वाटतं तसं मलाही वाटायचं, की जगातलं बहुतेक सगळं आपल्याला समजलेलं आहे आणि उरलेलं फारसं कामाचं नाही. मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होते. साकोलीच्या आसपासच्या गावांत स्कूटीवरून फिरायचं, गरोदर बायांनी काय खावं, बाळंतिणीनं कसं निजावं, बाळाला काय पाजू नये, हे सांगायचं, असं माझं काम. सांगण्याची इतकी सवय झाली होती, की घरी कोणी गरोदर नसलं तरी मी सांगतच असे. आमचे हे धान-तांदळाचे व्यापारी. ते दुकानात पोत्यांच्या थप्पीआड बसत. पुढे मला कळलं की सावलीसाठी नव्हे.

लेकीचं पहिलं बाळंतपण आलं. रीतीप्रमाणे तिनं माहेरी यायला हवं होतं. पण ती बेंगळुरूला नोकरीत, तिथेच डॉक्टर, तिथेच सासूबाई. ‘‘आई, एवढ्या लांब नाही येता येणार,’’ म्हणाली. ते खरं होतं. पण त्याहून खरं असं होतं, की तिची आजी, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्यापासून ती साकोलीला आलीच नव्हती. माझी नोकरी फिरतीची, म्हणून पोरीला वाढवलं आजीनं. वेणी आजीची, डबा आजीचा, ताप आला तर मांडी आजीची. दिवसभर घरोघरी बालसंगोपन शिकवून मी संध्याकाळी घरी येई, तेव्हा माझ्या बाळाचं संगोपन उरकलेलं असे. आजी गेली तेव्हा लेक कंपनीच्या कामानं परदेशात होती, पोचू शकली नाही. नंतर दरवर्षी दिवाळीला म्हणायची, ‘‘रजा नाही.’’ मी सगळ्यांना सांगायची, तिच्या कंपनीत फार कडक आहे. एवढी कडक कंपनी मी स्वतःच तयार केली होती.

तर तिचा फोन आला.

‘‘आई, लाडूबिडू काही आणू नकोस. इथे सगळं मिळतं. आजीचं ते लुगडं तेवढं आण. बाळाला पहिलं त्यातच घ्यायचंय.’’

आमच्याकडे बाळाला नव्या कपड्यात घेत नाहीत. घरातल्या जुन्या बाईचं धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं काढतात आणि त्यात गुंडाळतात. नवं कापड टोचतं. सासूबाईंचं ते लुगडं एके काळी जांभळं होतं म्हणे. माझ्या लग्नापासून मी ते पाहिलं ते राखाडी आणि जांभळ्याच्या मधलं, ज्याला नाव नाही अशा रंगाचं. लेक त्यातच वाढली. त्याचा पदर तोंडात धरल्याशिवाय तिला झोप यायची नाही. सासूबाई गेल्यावर मी त्यांची बाकीची लुगडी वाटून टाकली, हे एक ठेवलं. का ठेवलं, ते मला कोणी विचारलं नाही, म्हणून उत्तर तयार करावं लागलं नाही.

लेक म्हणाली लाडू नकोत. त्याचा अर्थ मी लावला, की लाडू हवेत पण पोरगी संकोचते आहे. डिंकाचे केले, मेथीचे केले. चिन्नोर तांदूळ पाखडून घेतला. तुपाची बरणी भरली. विहीणबाईंसाठी कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, साडी घेतली, कारण त्या पुण्याकडच्या, आणि भंडारा जिल्ह्यात काय पिकतं, काय विणतात हे त्यांना एकदा कळायला हवं होतं. आणि या सगळ्याच्या तळाशी घडी करून लुगडं.

आता हे भरायचं कशात? आमच्या घरी प्रवासाला जाण्याजोगं म्हणजे माझ्या लग्नातली लोखंडी पेटी होती. म्हणून मी समोरच्या बिछायतवाल्या ताईंकडे गेले. बिछायत म्हणजे लग्नाकार्याला मांडव, खुर्च्या, सतरंज्या, मोठाले गंज आणि कढया भाड्यानं देण्याचा धंदा. आमच्या गल्लीत जे काही मोठं लागे ते त्यांच्याकडून येई. त्यांच्या मुलानं हैदराबादहून त्यांना चाकांची निळी बॅग आणून दिली होती, आणि ताई आयुष्यात पवनीच्या पलीकडे गेल्या नव्हत्या.

‘‘घेऊन जा न वैनी,’’ ताई म्हणाल्या. ‘‘मी कोठं चालली विमानानं? पडूनच तर आहे. पन पायजा बरं, परत देतानी खाली देऊ नोका.’’ आणि हसल्या.

यातली चेष्टा समजायला आमची गल्ली माहीत हवी. शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आमच्याकडची पद्धत. गंज नेला तर येताना त्यात मुंगवड्या, निदान ओंजळभर लाखोळीची डाळ तरी हवी. आणि भरून आलेल्या भांड्याबद्दल आभारही मानायचे नाहीत. मानले तर मोजल्यासारखं होतं. गुपचूप ठेवून घ्यायचं आणि पुढच्या वेळी आपण भरून पाठवायचं.

बॅग चांगली होती. फक्त तिच्या दोन्ही अंगांना लाल ऑइलपेंटनं बिछायत केंद्राचं नाव, साकोली, जिल्हा भंडारा, आणि मोबाइल नंबर रंगवलेला होता. बिछायतवाल्यांच्या घरात आलेली कुठलीही वस्तू आठवड्याभरात रंगवली जाई. लग्नाच्या गर्दीत सामान कुठेही जातं. खुर्ची बपेऱ्याला जाते, कढई कोणाच्या गोठ्यात निघते. रंगवलेलं असलं की परत येतं. धंद्याची सवय घरात शिरली होती. त्यांच्या पोळपाटावरसुद्धा नंबर होता.

निघायच्या आदल्या दिवशी लेकीनं फोनवर विचारलं, ‘‘आई, बॅगेवर नाव-नंबर लिहिलंयस ना?’’

मी बॅगेकडे पाहिलं. नाव होतं. नंबर होता. पलीकडच्या गल्लीतून वाचता येईल एवढा.

‘‘लिहिलेलं आहे,’’ मी म्हणाले.

आपलंही एक नाव चिकटवावं असं माझ्या मनात आलं नाही. दुसऱ्याच्या भांड्यावर आपलं नाव घालणं हे आमच्याकडे चोरीच्या अलीकडचं पाऊल समजतात. माझ्यावर आयुष्यात पुष्कळ आरोप झाले, पण शेजारणीचा गंज ढापल्याचा कधी झाला नाही.

हे मला नागपूरच्या विमानतळावर सोडायला आले. खिडकीवरच्या मुलीनं बॅग घेतली, मुठीला पांढऱ्या कागदाची पट्टी गुंडाळली आणि म्हणाली, मुंबईला विमान बदलायचं, पण बॅग थेट बेंगळुरूला मिळेल. काचेपलीकडून आमचे हे ती पट्टी बघत होते. त्यांच्या आयुष्यातला प्रत्येक कट्टा, म्हणजे पोतं, सुतळीनं शिवलेला.

फोन करून म्हणाले, ‘‘हे कागद निंगून जाईन न वं. सुतळी मागून घे न तिले.’’

‘‘विमानात सुतळी नसते,’’ मी म्हणाले. मी तोवर विमान आतून पाहिलं नव्हतं, पण ते म्हणायला काही हरकत नव्हती.

बेंगळुरूला उतरले. तिथे एक पट्टा गोल फिरतो आणि त्यावरून बॅगा येतात, हे मला माहीत होतं. पट्टा गोल फिरला. सगळ्यांच्या बॅगा आल्या. माझी सोडून. गुलाबी फीत बांधलेली एक बॅग पुन्हा पुन्हा येत राहिली आणि तिचीही कोणी दखल घेईना, तेव्हा आम्हा दोघींची चांगली ओळख झाली. मग तिलाही कोणी उचललं. मग पट्टा थांबला.

जावई आणि विहीणबाई घ्यायला आले होते. जावयांनी फोनवरून धीर दिला, मग कोणाला तरी विचारून विहीणबाईंसह आत आले, आणि आम्ही तिघं तक्रारीच्या खिडकीशी उभे राहिलो. खिडकीत एक अगदी कोवळा मुलगा बसला होता. तेव्हाच्या मला कोवळ्या मुलांपुढे उभं राहिलं की बोलायचा हुरूप येई. मी त्याला हिंदीत सांगितलं, की आमच्या जिल्ह्यात पोषण आहाराच्या पोत्यांचा ट्रक नाल्यात गेला तरी पोती मोजून परत येतात, आणि इथे तुम्ही एवढ्या काचा लावून बसलात, एक बॅग सांभाळता येत नाही? तो ‘‘जी मॅडम’’ म्हणाला. मी आणखी सांगितलं. तो पुन्हा ‘‘जी मॅडम’’ म्हणाला. आमच्या अंगणवाड्यांतही माझ्या भाषणाला हाच प्रतिसाद मिळत असे, त्यामुळे मला घरच्यासारखं वाटलं.

शेवटी त्यानं विचारलं, ‘‘मॅडम, बैग पर कोई पहचान? नाम, निशान, कुछ लिखा हुआ?’’

माझ्या डाव्या बाजूला विहीणबाई उभ्या होत्या. पुण्याकडच्या, नीट इस्त्रीच्या. त्यांच्यादेखत सांगायचं, की हो, बॅगेवर लाल रंगात बिछायत केंद्र असं लिहिलेलं आहे, कारण बॅग मागून आणलेली आहे?

‘‘कुछ नहीं,’’ मी म्हणाले. ‘‘सादी नीली बैग है.’’

दोन्ही अंगांना हातभर लाल अक्षरं असलेली बॅग. ‘‘कुछ नहीं.’’

मुलानं तेवढं टिपून घेतलं. मी मात्र बाहेर येताना जावयांना म्हणाले, ‘‘बघितलंत ना? यांना साधी चौकशीसुद्धा धड करता येत नाही.’’

घरी गेले. लेक दारात उभी होती, पोट सांभाळत. मी रिकाम्या हातांनी आत आले. तिनं मला मिठी मारली, माझ्या मागे पाहिलं, आणि विचारलं, ‘‘लुगडं हातातल्या पिशवीत ठेवलंस ना, आई?’’

हातातल्या पिशवीत माझे कपडे, चष्मा, विमानात खायला बांधलेल्या पोळ्या आणि अंगणवाडीचा वजनकाटा होता. पर्यवेक्षिकेनं वजनकाटा कधी दुसऱ्याच्या हवाली करू नये, असं माझं मत होतं.

‘‘येईल ना उद्या,’’ मी म्हणाले. ‘‘जाणार कुठे?’’

उद्या बॅग आली नाही. परवाही नाही. पण बाळ आलं. नात. वजन चांगलं भरलं. दवाखान्यानं तिला कडक पांढऱ्या फलालीनमध्ये गुंडाळून दिलं. फलालीनवर पिवळी बदकं होती. लेकीनं त्या बदकांकडे बघितलं आणि बाळाला जवळ घेतलं.

घरात मग दोष कोणाचा याचा निकाल लावण्याचं काम सुरू झालं. मी विमान कंपनीला दोष देत होते, सकाळ-दुपार-संध्याकाळ, औषधासारखा. जावई म्हणत, कंपनीचं तसं काही नसतं, गडबड मुंबईच्या विमानतळावर होते, तिथे गाड्या बदलतात. आमच्या यांचा फोनवरून एकच मुद्दा होता, सुतळी. विहीणबाई दोष देत नसत. त्या फक्त म्हणत, ‘‘मी तर बाई मोलाची वस्तू नेहमी हातातच ठेवते.’’ मग चहाचा घोट घेत. पुन्हा म्हणत, ‘‘सवय आपली.’’

लेक कोणालाच दोष देत नव्हती. ती बाळाला पाजायची, बदकांत गुंडाळायची आणि खिडकीबाहेर बघायची. मी तिला सांगायला गेले, की बाळंतिणीनं मन प्रसन्न ठेवावं, त्यानं दूध चांगलं येतं. हे वाक्य मी शेकडो घरांत म्हटलेलं आहे. त्या दिवशी ते मला पहिल्यांदा ऐकू आलं.

ती शांतपणे म्हणाली, ‘‘आई, आजीचं तेवढंच उरलं होतं ना गं?’’

मी उठून कंपनीला फोन लावला.

तोच मुलगा होता की दुसरा, देव जाणे. त्यानं बराच शोध घेतला होता, हे मला आज कबूल आहे, तेव्हा नव्हतं. तो म्हणाला, मॅडम, तुमची साधी निळी बॅग कुठेच मिळाली नाही. मुंबईत एक निळी बॅग पट्टी निघालेली सापडली होती खरी, पण तिच्यावर दुसऱ्याचं नाव आणि नंबर होता. त्या नंबरवर फोन केला, मालकानं ‘हमारी ही है’ म्हणून सांगितलं, आणि बॅग गाडीनं त्यांच्या घरी पोचवली.

आता कुठल्याही बाईच्या डोक्यात इथे काहीतरी हललं असतं. मी पर्यवेक्षिका होते.

‘‘बघा!’’ मी फोन झाकून घरातल्यांना म्हणाले. ‘‘दुसऱ्यांच्या बॅगा कशा बरोबर घरपोच देतात! आणि आपली? आपली साकोलीची माणसं ना, आपल्याला कोण विचारतो!’’

दुसऱ्या दिवशी आमच्या यांचा फोन आला. धान कापणीचे दिवस, दुकानात गर्दी, पण आवाज खूश होता.

‘‘जेवलात का?’’ मी विचारलं.

‘‘जेवलो. वरतून दोन लाडूई खाल्ले. समोरच्या बिछायतवाल्या वैनीनं वाटीभर देले. डिंकाचे. गल्लीत सगळ्याइले देले तिनं.’’

‘‘तिनं डिंकाचे लाडू केले? कशाला?’’

‘‘आता मी काहून विचारू? देले, खाल्ले. तुले सांगतो, तुह्यासारखेच आहेत, पन तुह्यापेक्षा जरासे बरे लागले.’’

मला फार राग आला. एक तर माझी पाठ वळताच तिनं माझी कृती उचलली. आणि वर माझ्याच नवऱ्याला माझ्यापेक्षा बरे करून खाऊ घातले. मी यांना म्हणाले, तुमच्या जिभेला काही कळत नाही, ती नक्की गूळ जास्त घालत असेल. लाडू माझे होते. माझ्यापेक्षा बरे झालेले माझे लाडू, आणि मी त्यांना नावं ठेवत होते.

साकोलीत काय झालं होतं ते मला नंतर कळलं, पण इथेच सांगून टाकते. मुंबईहून बिछायत केंद्राला फोन गेला, की तुमची निळी बॅग आमच्याकडे आहे. बिछायतवाल्या भाऊजींनी आयुष्यभर असलेच फोन घेतले होते. तुमची सतरंजी इथे राहिली आहे, तुमची कढई तिथे आहे. कुठे, कशी, असं ते विचारत नसत. विचारलं की आणायला जावं लागतं. ते एकच वाक्य म्हणत, ‘आमचीच हाये, धाडून द्या,’ आणि तेच त्यांनी विमान कंपनीला हिंदीत सांगितलं. कंपनीनं धाडून दिली. नागपूरहून गाडी आली, दारात थांबली, चालकानं बॅग उतरवून सही घेतली. गल्लीत पहिल्यांदाच एखादी वस्तू विमानानं आली होती.

ताईंनी बॅग उचलून पाहिली. जड. बॅगेची दुसरी किल्ली त्यांच्या कमरेच्या जुडग्यात होतीच. उघडली. वर लाडू.

त्यांना वाटलं ते असं, की वैनी पोचली, तिनं आपलं सामान काढून घेतलं आणि बॅग भरून परत पाठवली. विमानानं गेलेली बाई विमानानंच परत पाठवणार. बिछायतवाल्या ताईंना त्यात काही वावगं दिसलं नाही, आणि खरं सांगते, मलाही दिसलं नसतं. फोन करून विचारायचा प्रश्नच नव्हता. भरून आलेल्या भांड्याबद्दल कोणी फोन करतं का? त्यांनी लाडू गल्लीत वाटले. लाडवांचं आमच्या यांना वेगळं काही सांगितलं नाही, कारण घरच्या माणसाला माहीतच असणार. चिन्नोर तांदळाचा भात करून पाहुण्यांना वाढला. कोशाची साडी पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी वर्षं शेजार, पण वैनीच्या मनात आपल्याबद्दल एवढं असेल असं वाटलं नव्हतं, असं त्या चार घरी जाऊन म्हणाल्या. ती साडी नेसून त्या एका लग्नात मिरवून आल्या.

तुपाची बरणी काढली तेव्हा तळाशी घडी दिसली.

माझा फोन वाजला तेव्हा मी बाळाचं वजन करत होते. विहीणबाईंचे हात मोकळे होते. त्यांनी फोन घेऊन मोठ्या आवाजावर लावला आणि माझ्या समोर धरला. खोलीत लेकही होती.

‘‘वैनी,’’ ताईंचा आवाज चिरका झाला होता. ‘‘एक विचारतो, रागावू नोका. तुमी मले तुमच्या सासूचं लुगडं काहून धाडलं?’’

मी वजनकाट्याकडे बघत राहिले.

‘‘बाकी सारं समजलं मले. लाडू समजले, तांदूळ समजले, साडी समजली. पन हे लुगडं तुमी मले देनार नाही. तुमच्या सासू माह्या आंगनात पापड लाटाले याच्या तवा हेच नेसून राहे. म्या वळखलं. मंग मले वाटलं, काहीतरी गडबड हाये. हे वैनीनं नाही धाडलं, हे चुकून आलं. का वैनी? तुमची बॅग तुमाले भेटली होती न?’’

मी म्हणाले, ‘‘नाही भेटली.’’

‘‘बाप्पा!’’ ताई म्हणाल्या. आणि मग, ‘‘मंग लाडू?’’

‘‘लाडू बाळंतिणीचे होते.’’

‘‘आन साडी?’’

इथे मी विहीणबाईंकडे पाहिलं नाही. ‘‘साडी तुमचीच आहे,’’ मी म्हणाले.

‘‘वैनी, मी आजच्या आज धाडतो लुगडं. कोनासंगं धाडू? कुरिअरवाला हाये बसस्टँडपाशी. नाहीतर विमानवाल्याइलेच फोन लावाले लावतो यांना...’’

‘‘नाही!’’ हे आम्ही तिघी एकदम म्हणालो. विहीणबाईसुद्धा.

मग लेक उठली. बदकांसकट बाळाला खांद्यावर घेऊन फोनपाशी आली.

‘‘काकू, मी बोलते. लुगडं धुतलं का तुम्ही?’’

‘‘नाही वं माय. हात नाही लावला. जसं होतं तसं कपाटात ठेवलं.’’

‘‘धुऊ नका.’’

‘‘नाही धुवत. पन मंग धाडू कसं?’’

बाळानं लेकीच्या खांद्यावर दुधाची गुळणी टाकली, ती तिनं पुसली. मग म्हणाली, ‘‘धाडू नका काकू. तिथेच असू द्या. सव्वा महिना झाला की मीच येते बाळाला घेऊन.’’

मी तोंड उघडलं. एवढ्या लहान बाळाला घेऊन एवढा लांबचा प्रवास करू नये, अंगणवाडीच्या पुस्तकात स्पष्ट आहे, थंडीचे दिवस, गर्दी, संसर्ग. सगळं माझ्या जिभेवर आलं. माझ्या त्या वयातल्या आयुष्यात मी गप्प बसले असे प्रसंग फार नाहीत, पण हा त्यातला एक. तोंड उघडलंच होतं, म्हणून मी जांभई दिली.

मी आधी परतले, आणि सव्वा महिन्यानं ती आली. विमानानं नाही. आगगाडीनं नागपूरपर्यंत आणि तिथून गाडीनं. बरोबर विहीणबाई. त्यांना म्हणे बघायचंच होतं. बॅगा त्यांनी सगळा वेळ पायांखाली ठेवल्या आणि झोपताना पट्टा हाताला गुंडाळून घेतला. सवय आपली.

बिछायतवाल्या ताई आमच्या दारात उभ्या होत्या. हातात ताट, ताटात लुगडं, त्यावर हळदीकुंकवाची बोटं. आणि अंगावर कोशाची साडी, कारण बाळ पहिल्यांदा घरी येणार म्हणजे घरातलं सगळ्यात चांगलं नेसायचं.

विहीणबाई गाडीतून उतरल्या. त्यांनी साडी नीट पाहिली. पदर, काठ, पुन्हा पदर.

‘‘साडी सुरेख आहे हो,’’ त्या म्हणाल्या.

‘‘वैनीनं देली,’’ ताई म्हणाल्या. त्यांना अजून कोणी सांगितलं नव्हतं की कोणाची होती ती. ‘‘विमानानं आली.’’

विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या कडुलिंबाकडे पाहिलं. बरीच वर्षं तो तिथे आहे, पण एवढ्या लक्षपूर्वक मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

‘‘त्यांची निवड चांगली आहे,’’ विहीणबाई म्हणाल्या, आणि आत गेल्या. पुढे या विषयावर त्या एक अक्षर बोललेल्या नाहीत. अशा वेळी बोललेलं बरं असतं.

दोषाचा निकालही त्याच दिवशी लागला, जेवणाच्या पंगतीत. विमान कंपनीनं ज्याचं नाव त्याला बॅग दिली होती. बिछायतवाल्यांनी आपली बॅग आपली म्हटली होती. ताईंनी पद्धत पाळली होती. मुंबईच्या विमानतळाची बाजू घ्यायला पंगतीत कोणी नव्हतं, पण त्याच्यावर कोणी बोटही ठेवलं नाही. मी पर्यवेक्षिका असल्यानं माझ्याकडे कोणी बोट दाखवायला धजलं नाही, आणि मीही कोणाला तशी गरज पडू दिली नाही. उरले आमचे हे. बायकोच्या हातचे लाडू ज्याला ओळखता येत नाहीत, त्याच्यामुळेच सगळा घोळ झाला, असं सर्वानुमते ठरलं.

‘‘म्या सांगतलं होतं, सुतळी बांधा,’’ हे ताटाकडे बघत म्हणाले. कोणी ऐकलं नाही.

जेवणं झाल्यावर मी लेकीला शोधत मागे गेले. सासूबाईंची खोली उघडी होती. ती बंद ठेवायची असं काही आमचं ठरलेलं नव्हतं, फक्त कोणी उघडत नसे. लेक आजीच्या बाजेवर बसली होती. बदकांचं फलालीन बाजूला पडलं होतं आणि बाळ लुगड्यात होतं. लेक काही रडतबिडत नव्हती. पदराचं एक टोक बाळाच्या गालाला लागत होतं, ते ती पुन्हा पुन्हा दूर करत होती आणि ते पुन्हा पुन्हा जवळ येत होतं.

‘‘टोचत नाही ना बघ,’’ मी म्हणाले.

‘‘आई,’’ ती म्हणाली, ‘‘हिनं ओलं केलं.’’

खरंच केलं होतं. चांगलं मनापासून. मी लुगडं घ्यायला हात पुढे केला, तर तिनं दिलं नाही. स्वतः उठली, मागच्या मोरीत नुसत्या पाण्यातून पिळून काढलं आणि आजी टाकायची तसं तारेवर दुहेरी टाकलं.

‘‘हे वाळलं की निघते,’’ ती म्हणाली. ‘‘बरोबर घेऊन जाते. हातात.’’

मागोमाग आलेल्या विहीणबाईंनी मान डोलावली आणि परतीची तिकिटं काढायची का, म्हणून विचारलं. लेक म्हणाली, वाळू तर द्या.

थंडीचे कोरडे दिवस होते, ऊन लख्ख होतं, धान वाळवायला आमचे हे असलंच ऊन मागतात. तरी ते लुगडं वाळायला बरेच दिवस लागले. दुपारी वाळत आलं, की लेक ते बाळाच्या अंगाखाली घालायची, आणि संध्याकाळी ते पुन्हा तारेवर असायचं.